सिग्नलचा शोध कोणी लावला, आणि चौकात तो बसवला की अपघात थांबतात का?

प्रश्न असा आला आहे: "ट्रॅफिक सिग्नल नक्की कोणी शोधला? एका ठिकाणी गॅरेट मॉर्गनचं नाव वाचलं, दुसरीकडे लंडनचं, तिसरीकडे डेट्रॉइटच्या एका पोलिसाचं. आणि दुसरं म्हणजे, आमच्या जवळच्या चौकात सिग्नल बसवावा अशी मागणी चालू आहे. त्याने अपघात खरंच कमी होतात का?"

पंचवीसेक वर्षं मी सिग्नलच्या वेळा ठरवण्याचं काम करते आहे. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की एक नाव नाही, आणि ते का नाही हे कळलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बरंचसं हाती येतं. लाल-हिरवा दिवा खांबावर टांगणं हा काही मोठा शोध नव्हता, रेल्वेकडे तो आधीपासून होता. कस लागला तो दोन हुकुमांच्या मधल्या फटीत. हिरव्याचा लाल होतो त्या दोन-चार सेकंदांत, जो धड थांबलेला नाही आणि धड पलीकडेही पोचलेला नाही त्याचं काय करायचं? या एका अडचणीशी दीडशे वर्षं माणसं झुंजत आली. ज्याने ज्याने तिचा एकेक तुकडा सोडवला, त्याचं नाव कुठे ना कुठे 'सिग्नलचा जनक' म्हणून लागलं.

पहिला सिग्नल उभा राहिला तो डिसेंबर १८६८ मध्ये, लंडनला ब्रिटिश संसदेसमोरच्या चौकात. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. गर्दी होती घोडागाड्यांची, आणि त्यातून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची. कल्पना जॉन पीक नाइट यांची. गृहस्थ रेल्वेतले, त्यामुळे त्यांनी रेल्वेचाच सिग्नल उचलून रस्त्यावर आणला. उंच खांब, त्याला खालीवर होणारे हात, आणि रात्रीसाठी गॅसवर जळणारे लाल-हिरवे दिवे. बनवला तोही सॅक्सबी अँड फार्मर या रेल्वेचे सिग्नल तयार करणाऱ्या कंपनीने. खाली पोलीस उभा राहायचा आणि हाताने तो चालवायचा. 'सिग्नल पडला' हा आपला शब्दप्रयोग अशाच हाताच्या सिग्नलचा आहे, दिवा काही पडत नाही.

या सिग्नलमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हात आडवा झाला की 'थांबा'. हात तिरका खाली आला की 'जा' नव्हे, 'जपून'. रात्रीच्या हिरव्या दिव्याचा अर्थही तोच. पोलीस आयुक्त रिचर्ड मेन यांच्या सूचनेत गाडीवानांना बजावलं होतं की 'जपून'चा इशारा असताना पायी चालणाऱ्यांचा जीव सांभाळून चौक ओलांडायचा. जगातल्या पहिल्या सिग्नलवर 'बिनधास्त जा' असा हुकूमच नव्हता. तो अर्थ हिरव्याला नंतर चिकटला. आजही हिरव्याकडे बघून ॲक्सिलेटर दाबणाऱ्यांना मी हीच गोष्ट ऐकवते, उपयोग होतोच असं नाही.

२ जानेवारी १८६९ ला गळणाऱ्या गॅसचा स्फोट झाला, सिग्नल चालवणारा पोलीस भाजून जखमी झाला आणि प्रयोग तिथेच बारगळला. (योगायोग बघा: १९३२ मध्ये लंडनच्याच कॉर्नहिल भागात, गाडी आल्याचं ओळखून बदलणारे ब्रिटनमधले पहिले सिग्नल बसले, तेही गॅसच्या स्फोटातच गेले. या खेपेला दिवे विजेचे होते, गॅस परका होता.)

रंगांबद्दल थोडं. लालच का, यावर ठरलेलं उत्तर असं की लाल प्रकाशाची तरंगलांबी मोठी, तो हवेत कमी विखुरतो, म्हणून लांबून दिसतो. भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण चौकात शंभर-दीडशे मीटरवरून दिवा बघताना त्याने फारसा फरक पडत नाही. रस्त्याने लाल घेतला तो रेल्वेकडून, आणि रेल्वेने घेतला कारण लाल म्हणजे धोका ही समजूत फार जुनी. हिरव्याची कहाणी जास्त रंजक आहे. सुरुवातीला रेल्वेत लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. यात घात असा की सिग्नलची लाल काच फुटून पडली तर मागे उरतो तो नुसता पांढरा दिवा, आणि ड्रायव्हरला वाटतं मार्ग मोकळा आहे. बिघाड झाला की यंत्र 'या' म्हणणार! शिवाय पांढरे दिवे आजूबाजूलाही असतातच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याची हकालपट्टी सुरू झाली, हिरव्याला 'मोकळा' म्हणून बढती मिळाली आणि 'जपून'साठी पुढे पिवळा आला.

बिघडलेल्या सिग्नलने चुकूनही 'या' म्हणता कामा नये, ही रेल्वेची शिकवण आजच्या प्रत्येक कंट्रोलरमध्ये आहे. चौकाच्या कोपऱ्यावर जी लोखंडी पेटी दिसते, तिच्यात सिग्नल चालवणाऱ्या यंत्राखेरीज त्याच्यावर पहारा ठेवणारी वेगळी व्यवस्था असते. ती दिव्यांना जाणाऱ्या विजेवर सतत नजर ठेवते. आडव्या-उभ्या दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा मिळतोय असं तिला दिसलं, की ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळा कारभार काढून घेते आणि चौक लुकलुकणाऱ्या दिव्यांवर टाकते. सगळीकडे दिवे लुकलुकताना दिसले की लोक म्हणतात सिग्नल बंद पडला. बऱ्याचदा तो बंद पडलेला नसतो, त्याने स्वतःला आवरलेलं असतं.

आता अमेरिका. १९१२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या लेस्टर वायर या पोलिसाने विजेचा सिग्नल केला. पक्ष्यांसाठी करतात तशी लाकडी पेटी, तिच्यात लाल-हिरवे दिवे, वीज डोक्यावरून जाणाऱ्या ट्रामच्या तारांतून घेतलेली. त्याने पेटंट घेतलं नाही. ५ ऑगस्ट १९१४ ला क्लीव्हलंडमध्ये युक्लिड अव्हेन्यू आणि ईस्ट १०५ वा रस्ता यांच्या चौकात जेम्स होज यांच्या आराखड्यावर आधारलेला सिग्नल सुरू झाला. कोपऱ्यांवर लाल-हिरव्या दिव्यांच्या जोड्या आणि बाजूच्या खोलीत बसलेला पोलीस बटण दाबणारा. त्याची जोडणीच अशी होती की दोन्ही रस्त्यांना एकदम हिरवा देताच येऊ नये, म्हणजे वर सांगितलेल्या पहारेकऱ्याचा हा पणजोबा. आणखी एक गोष्ट त्यात होती: बझर. रंग बदलण्याआधी तो वाजायचा. म्हणजे १९१४ मध्येच कळून चुकलं होतं की लाल आणि हिरवा पुरत नाहीत, मध्ये काहीतरी लागतं. होज यांनी ती फट आवाजाने भरून काढली. पॅरिसने १९२३ मध्ये बुलेव्हार सेबास्तोपोलवर पहिला सिग्नल लावला, त्यात तर नुसता लाल दिवा होता आणि सोबत घंटा.

आवाजाची अडचण उघड आहे. इंजिनांच्या गदारोळात बझर कोण ऐकणार? १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलिसाने रेल्वेचा पिवळा उचलला आणि चारही दिशांना तीन-तीन दिवे दाखवणारा सिग्नल उभा केला. आज आपण ज्याला सिग्नल म्हणतो तो इथे पहिल्यांदा ओळखू येतो. माझ्याकडे एकच मत असतं तर मी ते पॉट्सला दिलं असतं.

मग गॅरेट मॉर्गन कुठे बसतात? क्लीव्हलंडचे हे कृष्णवर्णीय संशोधक. धुरात श्वास घेता यावा म्हणून त्यांनी केलेला मुखवटा आधीच गाजला होता. त्यांच्या सिग्नलला अमेरिकी पेटंट मिळालं २० नोव्हेंबर १९२३ ला. हा दिव्यांचा सिग्नल नव्हताच. इंग्रजी टी अक्षरासारखा खांब, फिरवण्यासाठी दांडा, आणि 'थांबा'-'जा' दाखवणारे हात. 'पिवळ्या दिव्याचे जनक' असं जे त्यांच्याबद्दल लिहितात ते म्हणून चुकीचं. पण त्यांनी जे केलं ते माझ्या लेखी पिवळ्याइतकंच मोलाचं आहे. दोन रस्त्यांच्या पाळ्यांमध्ये त्यांनी एक अशी अवस्था ठेवली की चारही बाजू थांबलेल्या. कोणालाच 'जा' नाही. चौक रिकामा होऊ द्यायचा, पायी चालणाऱ्यांना निघू द्यायचं, मग पुढची पाळी. आम्ही याला ऑल-रेड म्हणतो. चौकात उभं राहून नीट बघा: एका बाजूचा लाल झाल्यावर दुसऱ्या बाजूचा हिरवा लगेच लागत नाही, मध्ये एक-दोन सेकंद सगळीकडे लाल असतो. त्या एक-दोन सेकंदांत किती जीव वाचतात याचा हिशोब कोणी मांडत नाही, कारण न झालेल्या अपघाताची नोंद होत नाही.

पिवळा आला खरा, पण तो किती वेळ ठेवायचा? चाळीस वर्षं हे जवळजवळ अंदाजाने चाललं. १९६० मध्ये डेनोस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सी मॅराडुडिन या तिघांनी त्याचं गणित मांडलं. गणित शाळेतलंच आहे, करून बघू. गाडी ताशी ५० किलोमीटरने येते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. पिवळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १४ मीटर गेले. मग प्रवासी पुढे फेकले जाणार नाहीत असा बेताचा ब्रेक लावला तर थांबायला आणखी ३२ मीटर. एकूण ४६. समजा पिवळा दोनच सेकंदांचा आहे. दोन सेकंदांत ही गाडी २८ मीटर जाते. आता पिवळा लागला तेव्हा गाडी स्टॉप लाइनपासून ३५ मीटरवर असेल तर? थांबायला जागा पुरत नाही. निघून जायला वेळ पुरत नाही. चालक कितीही सज्जन असो, एकतर करकचून ब्रेक लावेल आणि मागचा येऊन आदळेल, नाहीतर लाल तोडेल. २८ ते ४६ मीटर हा १८ मीटरचा पट्टा म्हणजे सिग्नल बसवणाऱ्याने रस्त्यावर आखलेला सापळा, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. पिवळा ३.३ सेकंदांचा केला की सापळा नाहीसा होतो. ताशी ८० च्या रस्त्यावर त्यासाठी ४.७ सेकंद लागतात.

डोळ्यांना दिसत नाही म्हटलं, पण मी तो एकदा पाहिला आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका चौकात अपघात फार होत होते आणि सगळ्यांचं निदान एकच होतं: लोकांना शिस्त नाही. मी स्टॉपवॉच घेऊन सकाळी गेले. गाड्यांकडे बघायच्या आधी रस्त्याकडे बघितलं, तर स्टॉप लाइनच्या अलीकडे टायरचे काळे पट्टे. एकदोन नव्हे, एकावर एक. बहुतेक सगळे तीसेक मीटरवरून सुरू झालेले, आणि निम्मे लाइन ओलांडून थेट झेब्रा क्रॉसिंगवर संपलेले. पिवळा मोजला, दोन सेकंद. कोणीतरी कधीतरी 'गाड्या जास्त सुटाव्यात' म्हणून सेकंद काढून हिरव्यात घातला होता, ऑल-रेडही शून्यावर आणला होता. दोन्ही पूर्ववत केले. खर्च एका तंत्रज्ञाच्या अर्ध्या तासाचा. पट्टे हळूहळू पुसट होत गेले. अपघात पूर्ण थांबले असं म्हणणार नाही, पण काटकोनात बसणाऱ्या धडका तिथे नंतर क्वचितच झाल्या.

तुम्हाला वाटेल १९६० ला सूत्र मिळालं म्हणजे विषय संपला. नाही संपला. ते सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीचं होतं. वळणारी गाडी चौकाजवळ वेग कमी करते, तिला पोचायला जास्त वेळ लागतो, आणि सूत्राने तिला तो दिलेलाच नव्हता. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मॅट्स यार्लस्ट्रोम या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या पत्नीला वळताना लाल तोडल्याचा दंड झाला. गडी हिशोब करत बसला आणि त्याच्या लक्षात ही खोट आली. राज्याच्या इंजिनिअर मंडळाला लिहून कळवलं, तर मंडळाने त्यालाच ५०० डॉलरचा दंड ठोकला. का, तर परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवतो! प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी पिवळा वाढवणारी दुरुस्ती आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट जरा झोंबते. झोंबायलाच हवी.

हिरवा किती वेळ द्यायचा, हा वेगळा प्रांत. लोकांची तक्रार कायम एकच असते: "आमच्या बाजूला हिरवा कमी मिळतो, वाढवा." १९५८ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टर यांनी सिग्नलची पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी याचं सूत्र दिलं, ते अजून वापरात आहे. त्यातला गाभा साध्या भाषेत सांगते. दर पाळी बदलताना काही सेकंद फुकट जातात: पहिल्या गाडीला हलायला वेळ लागतो, मग पिवळा, मग ऑल-रेड. चार पाळ्यांत मिळून १६ सेकंद गेले असं धरा. फेरी ६० सेकंदांची असेल तर २७ टक्के वेळ वाया. १२० ची केली तर १३ टक्के, इथे मोठा फायदा झाला. १८० ची केली तर ९ टक्के, म्हणजे आणखी एक मिनिट वाढवून मिळाले जेमतेम ४ टक्के. आणि त्या बदल्यात समोर दोन-अडीच मिनिटं लाल बघत बसलेला माणूस. इतका वेळ थांबवला की माणसं कंटाळून तोडतातच, चालणारे तर मिनिटभरही थांबत नाहीत. मी स्वतः दोन मिनिटांच्या वरची फेरी नाइलाज असल्याशिवाय ठेवत नाही.

हे सगळं हाताने चालवण्याचे दिवस फार टिकले नाहीत. बर्लिनच्या पोट्सडामर प्लात्सवर १९२४ मध्ये पाच बाजूंचा मनोरा उभा राहिला, त्यात वर पोलीस बसायचा. पण १९२७ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला स्वयंचलित दिव्यांचा प्रयोग झाला आणि पोलीस हळूहळू मनोऱ्यावरून उतरला. त्याच्याबरोबर एक गोष्ट हरवली: डोळे. घड्याळावर चालणाऱ्या सिग्नलला समोर गाडी आहे की नाही हे कळत नाही. रिकाम्या रस्त्याला हिरवा आणि भरलेल्याला लाल, हा अनुभव सगळ्यांचाच. बॉल्टिमोरच्या चार्ल्स ॲडलर यांनी १९२८ मध्ये यावर काढलेला उपाय मोठा गमतीचा होता. खांबावर मायक्रोफोन, आणि हिरवा हवा असेल तर हॉर्न वाजवा! या कल्पनेने पुढे जग जिंकलं नाही याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्यानंतर रस्त्यात पुरलेल्या, चाकाच्या दाबाने कळणाऱ्या पट्ट्या आल्या, आणि १९६० च्या दशकात लूप. स्टॉप लाइनच्या अलीकडे डांबरात चौकोनी चर मारून काळ्या मसाल्याने बुजवलेली दिसली तर तिच्याखाली तारेचं वेटोळं आहे समजा. वर धातूची गाडी आली की वेटोळ्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि कंट्रोलरला कळतं. दुचाकीत धातू कमी, म्हणून ती मधोमध उभी राहिली तर कधी कधी कळतच नाही. चराच्या रेघेवर उभं राहिलं तर कळण्याची शक्यता वाढते. वजनाचा संबंध नाही, त्यामुळे गाडी हलवून किंवा पाय आपटून काही होत नाही.

चौक एकमेकांना जोडण्याची सुरुवातही जुनी आहे. सॉल्ट लेक सिटीत १९१७ मध्येच सहा चौक एका हाताने चालवले जात. टोरांटोने १९६३ मध्ये हे काम संगणकाकडे दिलं. सत्तरच्या दशकात सिडनीत स्कॅट्स आणि ब्रिटनमध्ये स्कूट या पद्धती तयार झाल्या, ज्या रस्त्यावरून आलेल्या माहितीनुसार वेळा क्षणोक्षणी बदलत राहतात. 'स्मार्ट सिग्नल' म्हणून आज जे नव्याने विकलं जातं, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे तेव्हापासून आहे.

दिवे एकावर एक का, आणि लाल वरच का, हेही लोक विचारतात. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं कमी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. त्यांना रंगापेक्षा जागा कळते, म्हणून जागा पक्की हवी. हिरव्यात निळसर छटाही याच कारणाने ठेवतात. रस्त्यावरच्या पाट्या आणि सिग्नल यांबद्दलच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारात उभ्या सिग्नलवर लाल वर, हे लिहून ठेवलं आहे. अपवाद अमेरिकेतल्या सिराक्यूज शहरातली टिपररी हिल. तिथल्या आयरिश लोकांना ब्रिटनचा लाल आयर्लंडच्या हिरव्याच्या वर खपेना, ते दिवे दगडांनी फोडत राहिले, शेवटी शहराने हात टेकले. तिथे अजूनही हिरवा वर आहे.

एलईडी आल्यावर शे-सव्वाशे वॅटचं काम दहा-पंधरा वॅटवर आलं, हे सगळ्यांना माहीत असतं. सुरक्षेच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा वेगळा. जुन्या दिव्यात बल्बमागे आरसा असे. सूर्य मावळतीला आला की ऊन थेट आत शिरायचं, आरशावरून परतायचं आणि न लागलेला दिवाही लागल्यासारखा भासायचा. तिन्ही दिवे पेटलेले! एलईडीत तो आरसाच नाही. तोटाही एक आहे: हिमवर्षावाच्या प्रदेशात जुना बल्ब आपल्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळवायचा, एलईडी तेवढा तापत नाही आणि दिवा बर्फाखाली झाकला जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सिग्नल सगळे अपघात कमी करत नाही, तो त्यांची जात बदलतो. काटकोनातल्या धडका कमी होतात, मागून बसणाऱ्या वाढतात. लाल तोडणाऱ्यांचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांचंही तेच. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात काटकोनातल्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि मागून बसणाऱ्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. एकंदरीत सौदा फायद्याचा असतो, कारण दारावर बसलेली धडक मागच्या बंपरवर बसलेल्या धडकेपेक्षा कितीतरी जीवघेणी. पण जिथे काटकोनात धडका होतच नव्हत्या, तिथे सिग्नल बसवून तुम्ही फक्त मागच्या धडका विकत घेता. फिलाडेल्फियात कमी वाहतुकीच्या एकेरी रस्त्यांवरचे १९९ सिग्नल काढून तिथे 'थांबा'च्या पाट्या लावल्या, तेव्हा अपघात २४ टक्क्यांनी घटले.

जागा असेल तर वर्तुळाकार चौकाचाही विचार व्हावा. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात अशा ३२ जागा असतात, एकपदरी वर्तुळात ८. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम ब्रिटनने १९६६ मध्ये केला आणि तेव्हापासून ही वर्तुळं नीट चालू लागली. इथे सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो, आणि धडक झालीच तर तिरकी होते. मात्र गर्दी फार असेल, किंवा एकाच बाजूचा लोंढा अखंड येत असेल, तर वर्तुळ तुंबतं. तिथे सिग्नलच हवा.

सेकंद उलटे मोजणाऱ्या पाटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मागणीत ती येणारच, म्हणून सांगते. लालवर ती असायला माझी हरकत नाही, लोक इंजिन बंद करतात. मात्र शेवटच्या तीन सेकंदांत ती झाकलेली बरी, नाहीतर सगळे शून्य व्हायच्या आधीच सुटतात. हिरव्यावर ती नकोच. पाच, चार, तीन दिसलं की मागचा माणूस थांबायची तयारी करत नाही, वेग वाढवतो, आणि गाझिस वगैरे मंडळींनी खपून बुजवलेला सापळा पुन्हा उघडा पडतो.

तेव्हा सह्या गोळा करण्याआधी त्या चौकातल्या तीन वर्षांच्या अपघातांची नोंद मागवा आणि धडका कोणत्या बाजूने झाल्या ते बघा. पायी चालणारे किती, रस्ता किती रुंद, तेही मोजा. सर्वसाधारण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं आम्ही धरतो, १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद. पण काठी घेतलेल्या आजोबांना २० लागतात, आणि सिग्नल बसलाच तर ते वरचे ५ सेकंद आराखड्यात आधीच लिहून घ्या, नंतर कोणी देत नाही. बसल्यावर पहिल्या आठवड्यात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन फुटपाथवर उभे राहा, पिवळा दहा वेळा मोजा, मग ऑल-रेड मोजा. पिवळा तीन सेकंदांच्या खाली भरला, किंवा लालनंतर समोरचा हिरवा तत्क्षणी लागला, तर तारीख-वेळ घालून लेखी कळवा.